मधलं नाव

रोस्तिस्लाव निकोनोविच बेरेझ्कोवच्या चित्रपटात काही चुकलं, तर त्याच्या शिव्या ताइसिया मात्वेयेव्नाने खायच्या. ती त्याची इतिहासाची सल्लागार होती, पगार त्या कामाचाच होता. तेराव्या शतकातल्या सरदाराच्या ताटात बटाटा दिसला, राणीच्या झग्याला पाठीमागे चेन दिसली, साधूच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वळ दिसला, की देशभरातून प्रेक्षकांच्या तक्रारी यायच्या आणि स्टुडिओच्या कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलापाशी कुणीतरी हमखास थांबायचं. बटाटा शिजला होता ना नीट, असं अगदी आपुलकीने विचारायचं. ती कटलेटवरून नजर न उचलता म्हणायची, की बटाट्याबद्दल मी चित्रीकरणाच्या दिवशीच ओरडले होते, ज्याने ऐकलं नाही त्याला विचारा.

ज्याने ऐकलं नाही त्याला विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

बेरेझ्कोव म्हणजे लेनिनग्राडचं मोठं नाव. ऐतिहासिक चित्रपट म्हटलं की लोक त्याच्याच तिकिटांसाठी बर्फात रांगा लावायचे. पहिला चित्रपट सरकारने वर्षभर कपाटात डांबून ठेवला, मग त्यालाच परदेशात बक्षीस मिळालं आणि कपाटवालेच हार घेऊन विमानतळावर आले. पुढे जुन्या सरदार घराण्यांवर, उरलमधल्या लोखंडाच्या कारखान्यांवर, धर्मासाठी स्वतःला जाळून घेणाऱ्यांवर असे चित्रपट एकामागून एक येत गेले. त्याची काम करण्याची तऱ्हाही सगळ्यांना ठाऊक होती. तो टेक एकच घ्यायचा. सुरुवातीला फिल्म मोजून मिळायची म्हणून, आणि नंतर ती मुबलक मिळू लागल्यावर हट्ट म्हणून. नट अडखळला, मेणबत्ती विझली, घोड्याने भर राज्याभिषेकात नको ते केलं, तरी कॅमेरा थांबायचा नाही. जे झालं ते झालं, तो म्हणायचा, इतिहासाने कधी कुणाला दुसरा टेक दिला आहे?

ताइसिया मात्वेयेव्नाला हे वाक्य मुळीच आवडत नसे. इतिहास हा तिच्या मते खऱ्याचा हिशेब होता आणि त्यात चुकीला जागा नव्हती. शिवाय तिच्यापुरता तो फार जवळचा होता. तिचे वडील महायुद्धात जर्मनांनी लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात लाडोगा सरोवराच्या बर्फावर गेले. उपाशी शहराकडे पिठाची पोती आणणाऱ्या ट्रकांपैकी एक ते चालवत. बर्फ फुटला आणि ट्रक खाली गेला. थडगं नाही. फोटो होते ते आईने त्याच हिवाळ्यात चौकटींसकट शेगडीत घातले. खुर्च्या जळल्या, पुस्तकं जळली, तेव्हा फोटोंसाठी कुणी कुणाला बोल लावत नसे. ताइसियाला आठवायचा तो पेट्रोलचा वास, उजव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख आणि जिना चढताना घातलेली शीळ. बाकीचा सगळा बाप तिच्या नावाच्या मध्यावर उरला होता. मात्वेयेव्ना, मात्वेयची मुलगी. स्टुडिओचा पहारेकरी, पावाच्या दुकानातली बाई, बेरेझ्कोव, जो कुणी तिला आदराने हाक मारी तो नकळत त्या बुडालेल्या माणसाचं नाव वर काढायचा. तिला त्याचं फार अप्रूप होतं. लग्न झालं, मोडलं, आडनाव बदललं आणि पुन्हा मूळपदावर आलं, पण मधलं नाव कुणी हलवू शकत नाही, असं ती म्हणायची.

पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली ती चमच्यावरून.

पहिल्या चित्रपटात प्स्कोवच्या एका राजपुत्राच्या अंत्यविधीचा प्रसंग होता. म्हातारा नट सकाळपासून शवपेटीत पडून होता, प्रकाशयोजना जमत नव्हती, म्हणून त्याला तिथंच वाडगाभर काशा, म्हणजे दलियाची लापशी, खायला दिली. खाऊन तो झोपी गेला. कॅमेरा सुरू झाला तेव्हा राजपुत्राच्या हातात क्रूस नव्हता, लाकडी चमचा होता. ताइसिया मात्वेयेव्नाने घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला. बेरेझ्कोवने खांदे उडवले. चमचा राहिला आणि समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली, की पाहा, हा प्रजेच्या ताटातला राजा. ती घरी आईला वाचून दाखवायची आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

काही वर्षांनी इनोकेन्तीचा फोन आला. हा तिचा कॉलेजातला मित्र, पुराणवस्तूंच्या खोदकामावर असायचा. प्स्कोवजवळच्या मठात त्यांनी त्याच राजपुत्राची कबर उघडली होती. तो म्हणाला, "एवढं सांग, तुम्हाला आधी कसं कळलं?"

"काय कळलं?"

"चमच्याचं."

ती दुसऱ्या दिवशी बसने तिथं गेली. तिच्या डोक्यात सरळ हिशेब होता. चित्रीकरण त्याच आवारात झालं होतं, सामानवाल्यांपैकी कुणीतरी वात्रटपणा केला असणार, नाहीतर बेरेझ्कोवनेच प्रसिद्धीसाठी हे घडवून आणलं असणार. त्या माणसाचा भरवसा नव्हता. कबरीत उतरून तिने बॅटरी पेटवली. हाडांची बोटं लाकडी चमच्याच्या दांड्यावर मिटलेली होती, आणि वर उभ्या असलेल्या जुन्या बर्च झाडाचं मनगटाएवढं मूळ त्या बोटांच्या मधून, दांड्याला वेटोळं घालून, खाली जमिनीत गेलं होतं. मुळाला कुणी लाच देऊ शकत नाही. ती वर आली, हात पुसले आणि इनोकेन्तीला म्हणाली, की हा योगायोग आहे. त्याने तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. तिला जास्त ठाऊक आहे आणि ती लपवते आहे, अशी ती नजर होती.

त्यानंतर ती बेरेझ्कोवच्या चुका वेगळ्या नजरेने पाहू लागली. कॅन्टीनमध्ये तिची थट्टा व्हायची. ताइसिया मात्वेयेव्ना चुकून इतिहासाकडे गेल्या, खरं म्हणजे त्यांना नेव्हाकाठच्या त्या दुसऱ्या, गुप्त पोलिसांच्या मोठ्या इमारतीत नोकरी मिळायला हवी होती, असं कुणीतरी आवाज खाली आणून म्हणायचं. तीही हसायची. पण कुठंतरी पाणी मुरतंय हे तिच्या मनातून जात नव्हतं.

उरलच्या चित्रपटात कारखान्याचा मुकादम होता, येफीम दानिलोविच. खराच होऊन गेलेला माणूस. त्याचा बाप दानिला साधा भूदास, जमीनदाराच्या मालकीचा, पण त्याने नदीला बांध घातला आणि त्या पाण्यावर सगळा कारखाना चालला. चित्रीकरणाआधी ताइसिया मात्वेयेव्ना गावच्या कबरस्तानात जाऊन आली होती. मुकादमाच्या थडग्याच्या दगडावरचं शेवाळं तिने नखाने खरवडलं होतं. झाडांखाली नीट दिसेना, म्हणून कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत तिने वाचलं होतं : येफीम दानिलोविच. नखाखाली गेलेलं शेवाळं तिला पुढं दोन दिवस टोचत राहिलं.

चित्रीकरणाच्या दिवशी मुकादमाला हाक मारणाऱ्या नटाची दाढ दुखत होती. त्याच्या तोंडून निघालं, "येफीम आवेर्कियेविच!" म्हणजे आवेर्कीचा मुलगा. कॅमेरा चालूच. ताइसिया मात्वेयेव्ना हातातला ग्लास आपटून उठली, बेरेझ्कोवने नेहमीप्रमाणे खांदे उडवले आणि बिचारा दानिला चित्रपटातून गेला.

पुढं एका व्याख्यानासाठी तिला त्याच बाजूला जावं लागलं. येतायेता ती कबरस्तानात वळली. दगड तोच होता. कोपऱ्याची भेग तीच, शेजारची रास्पबेरीची जाळी तीच. शेवाळं पुन्हा दाट आलं होतं. तिने खरवडलं, बोट फिरवलं, मग चष्मा लावून पाहिलं. दगडावर आवेर्कियेविच होतं. शेवाळं अक्षरांच्या तळापर्यंत होतं, आणि नवीन कोरलेल्या अक्षरांत शेवाळं असं रुजत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कबरस्तानाच्या कुंपणाशी एक म्हातारी शेळ्या राखत होती. ताइसिया मात्वेयेव्नाने तिला विचारलं, की मावशी, तो बांध कुणाचा.

"आवेर्कीचा."

"दानिलाचा नाही?"

"दानिला कोण?" म्हातारीने शेळीची दोरी जवळ ओढली. "तुम्ही तालुक्याहून आलात का? चौकशीला?"

परतीच्या गाडीत तिने स्वतःवरच संशय घेऊन पाहिला. वय झालं, डोळे बिघडले, बोटाने वाचलेलं काय धरायचं. दानिलाचं नाव आपण दुसऱ्याच कुठल्या गावाशी जोडलं असेल. असं तिने स्वतःला समजावलं आणि त्यातलं एक अक्षरही तिला पटलं नाही. पण तिला खरी भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. दानिलाबद्दल तिला पूर्वी बरंच काही माहीत होतं. आता आठवायला गेली तर फक्त नाव सापडत होतं, आणि तेही धरून ठेवावं लागत होतं.

ती सरळ बेरेझ्कोवच्या खोलीत गेली. त्याने चहा दिला, चेरीच्या मुरंब्याची बशी पुढं केली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "दगडावरही तेच आहे म्हणता. मग चूक नव्हतीच म्हणायची."

"होती. मी स्वतः पाहिलं होतं."

"तुमच्याशिवाय आणखी कुणी?"

आणखी कुणीच नव्हतं. मग तिला राग आला आणि रागाच्या भरात तिने सगळा स्टुडिओ ज्याबद्दल फक्त कुजबुजायचा ते विचारून टाकलं. बेरेझ्कोव अनाथाश्रमात वाढला होता. आडनाव, मधलं नाव, सगळं तिथल्या माणसांनी चिकटवलेलं. ती म्हणाली, "रोस्तिस्लाव निकोनोविच, हा निकोन कोण होता?"

तो मुरंब्यातली बी बशीत काढत म्हणाला, "त्याचं चित्रीकरण अजून व्हायचंय."

तो थट्टा करत होता की नाही, ते तिला कळलं नाही. तिने चहा तसाच टाकला.

आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर त्याने जाहीर केलं, की पुढचा चित्रपट लाडोगावरच्या बर्फातल्या रस्त्यावर. इतकी वर्षं मेलेल्या राजेरजवाड्यांत रमलेला माणूस पहिल्यांदाच अशा काळाकडे वळत होता, ज्याची माणसं अजून ट्रॉलीबसमध्ये शेजारी बसायची. संहिता तिच्या हातात आली. मधोमध एक प्रसंग होता. ट्रकांची रांग, फुटणारा बर्फ, बुडणारा ड्रायव्हर, आणि त्याचा सोबती फोमा पालथा पडून पाण्याच्या काठावरून त्याला हाक मारतो. खराखुरा फोमा युद्धानंतर त्यांच्या घरी आला होता. टोपी हातात चुरगाळत त्याने आईला सांगितलं होतं, की मी फक्त मात्वेय, मात्वेय असं ओरडत राहिलो, दुसरं काही करता आलं नाही. हे ताइसिया मात्वेयेव्नानेच कधीतरी, कुठल्याशा दौऱ्यात, आगगाडीच्या डब्यात बेरेझ्कोवला सांगितलं होतं. संहितेत हाकही तीच होती. मात्वेय.

नाव काढा, ती म्हणाली. तो म्हणाला, संहिता वरून मंजूर झाली आहे, एक शब्द हलवायचा म्हणजे वर्ष गेलं, आणि हा तर तुमच्या वडिलांचा मान आहे. तिने नोकरी सोडायचा विचार केला. पण सोडली तर तिथं चूक पकडायला राहणार कोण? बाकी सगळ्यांना मात्वेय काय आणि मित्रोफान काय, सारखंच.

"मग मला शब्द द्या," ती म्हणाली. "या एका प्रसंगात. चुकलं तर दुसरा टेक."

बेरेझ्कोवने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत कपट असतं तर तिला बरं वाटलं असतं. तिथं दया होती.

"दिला शब्द. तुम्ही हात वर करा, मी तिथल्या तिथं थांबवतो आणि पुन्हा घेतो. पण हात तुम्हीच वर करायचा, ताइसिया मात्वेयेव्ना. काय चुकलं ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाही."

तिने मग कंबर कसली. फोमाचं काम करणारा देम्यान कुझ्मिच हा मुरलेला नट होता, तरी ती त्याला कोबीच्या पुऱ्या घरून करून आणायची आणि तो खात असताना त्याच्याकडून हाक घोटून घ्यायची. तो तोंड भरलेलं असताना ओरडायचा, "मात्वेय! मात्वेय!" आणि कॅन्टीनमधल्या बायका दचकायच्या. एकदा म्हणाला, "तुमच्या वडिलांचं नाव मी आता झोपेतही घेतो. बायको विचारते, हा कोण मेला मात्वेय?" ती खूप दिवसांनी मनापासून हसली. ड्रायव्हरच्या कामाला एक नवा, उमदा नट होता, झाखार सिनित्सिन. डावखुरा, पुढच्या दोन दातांत फट, हसला की लहान पोरासारखा दिसायचा. बाप म्हणून तो तिला अजिबात पटला नव्हता. पण चेहऱ्याचा पुरावा तिच्याजवळ कुठं होता?

आईला तिने सगळं सांगितलं नव्हतं. म्हातारी अलीकडे थकली होती. ती एवढंच म्हणाली, की बर्फावर जाते आहेस तर लोकरीचे दोन पायमोजे घाल.

फेब्रुवारीत सगळा लवाजमा लाडोगाच्या काठावरच्या कोळ्यांच्या गावात उतरला. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे बशी फोडायची होती. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर बशी आपटतात आणि चित्रपट सुखरूप व्हावा म्हणून प्रत्येकजण एकेक तुकडा जवळ ठेवतो. बेरेझ्कोवने आपटली. बशीचे दोनच तुकडे झाले, मधोमध, सुरीने कापल्यासारखे. एक त्याने खिशात घातला आणि दुसरा ताइसिया मात्वेयेव्नाच्या हातात दिला. बाकीचे रिकाम्या हातांनी उभे राहिले. कुणीतरी हसण्यावारी नेलं, पण मेकअपवाल्या बाईने छातीवर हळूच क्रूसाची खूण केली. ताइसिया मात्वेयेव्नाला तो तुकडा फेकून द्यावासा वाटला. तिने तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि दिवसभर पर्स अंगापासून दूर धरली.

प्रसंगाचा दिवस उजाडला तो राखेसारखा. आभाळ आणि सरोवर यांच्या मधली रेघ दिसत नव्हती. पाणबुड्यांनी ट्रकसाठी बर्फ कापून ठेवला होता, वर पातळ थर पुन्हा जमू दिला होता, ट्रकला खालून तारेचा दोर होता. सगळं तीनतीनदा तपासलेलं. झाखार त्या काळच्या ड्रायव्हरांसारखा एक पाय पायरीवर ठेवून, उघड्या दारातून अर्धा बाहेर झुकून उभा होता, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून. वारा पडला होता. दूर कुठंतरी बर्फाखालून लांबच लांब कण्हल्यासारखा आवाज आला. कोळी म्हणाले, असं होतंच, तो कूस बदलतो.

ताइसिया मात्वेयेव्ना कॅमेऱ्याच्या शेजारी उभी होती. उजव्या हाताचा मोजा तिने काढून ठेवला होता. बेरेझ्कोवने तिच्याकडे वळून मान हलवली, आठवण आहे, अशा अर्थी. आणि कॅमेरा सुरू झाला.

ट्रक निघाला. नेमून दिलेल्या जागेच्या बराच अलीकडे बर्फ फुटला.

आवाज गोळी सुटल्यासारखा होता. ट्रकचं नाक खाली गेलं, झाखार पायरीवरून थेट पाण्यात. हे ठरलेलं नव्हतं. कुणीतरी किंचाळलं. पाणबुडे धावले. देम्यान कुझ्मिच मात्र नट म्हणून नव्हे, माणूस म्हणून, आडवा पडून सरपटत काठापर्यंत गेला आणि जीव तोडून ओरडला.

"झाखार!"

चूक. तिला तत्क्षणी कळलं. हे नटाचं नाव, हे नको होतं. घाबरलेल्या माणसाने आपल्या मित्राला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली होती. तिचा हात खांद्यापर्यंत गेला.

"झाखार! झाखार!"

हाक सरोवरावर पसरत गेली. तिला सांगायचं होतं, की हे नाव नाही, दुसरं, ते दुसरं, ज्याने सुरू होतं ते ओठ मिटून म्हणायचं अक्षर.

तिने ओठ मिटले.

मिटलेल्या ओठांमागे काही नव्हतं.

पाणबुड्यांनी झाखारला वर खेचला. त्याच्या अंगावर कुणीतरी मेंढीचं कातडं टाकलं, तोंडाला वोडका लावली, आणि तो दात वाजवत हसला. जिवंत होता. कॅमेरा अजून चालूच होता. बेरेझ्कोव कॅमेऱ्याकडे पाहत नव्हता, नटाकडेही नाही. तो तिच्या अर्धवट वर गेलेल्या हाताकडे पाहत होता. सगळेच पाहत होते.

त्याने विचारलं, "काही चुकलं का, ताइसिया झाखारोव्ना?"

प्रश्न अगदी हळू आवाजात होता. तो खरंच वाट पाहत होता. त्याने शब्द दिला होता आणि तो पाळायला तो तयार होता.

"नाही," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."

हात वर नेलाच होता, तर तिने शाल सारखी केली.

संध्याकाळच्या आत बस शहरात परतली. सगळे खूश होते. असा टेक आयुष्यात एकदाच मिळतो, असं जो तो म्हणत होता. देम्यान कुझ्मिच तिच्या शेजारी बसला होता, घसा बसला होता, आणि तो तिला म्हणाला, की तुमच्या पुऱ्या कामी आल्या, हाक कशी जिवाच्या आतून आली. ताइसिया झाखारोव्नाने त्याचा हात दाबला. तिचं मन भरून आलं होतं. खिडकीबाहेर बर्फाचे ढीग मागे पडत होते आणि तिला वडील आठवत होते. ते डाव्या हाताने तिला उचलायचे. हसले की पुढच्या दोन दातांतली फट दिसायची आणि ते लहान पोरासारखे दिसायचे. इतकं स्पष्ट तिला पूर्वी कधी आठवलं नव्हतं. फक्त, इतके दिवस आपल्याला कसली धास्ती होती, हे तिला काही केल्या सापडेना. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते थांबेना तेव्हा तिने ते थंडीवर ढकललं.

त्यांचं घर म्हणजे सामायिक वाटेवरची एक खोली. स्वयंपाकघर चार कुटुंबांचं. ती आली तेव्हा शेजारची अल्ला विताल्येव्ना कढई घेऊन वाटेतून चालली होती. ती थांबली आणि कुजबुजली, की दुपारपासून तुझ्या आईचं काहीतरी बिनसलंय, एकटीच बडबडते आहे, दार आतून लावून घेतलंय.

ताइसिया झाखारोव्नाने दार ठोठावलं. साखळीपुरतं दार उघडलं. फटीतून आईचा अर्धा चेहरा दिसला, आणि त्याच्यामागे टेबल. टेबलावर वोडकाचा भरलेला पेला होता आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकलेला, मेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा.

"आई, साखळी काढ."

"कोण पाहिजे?"

"अगं, मी. तास्या. तो पेला कुणासाठी मांडलास?"

"माझ्या मात्वेयसाठी," म्हातारी म्हणाली. "आज गेला ना तो."

अल्ला विताल्येव्नाने कढई सावरत मान हलवली. बघ, दुपारपासून हेच, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ताइसिया झाखारोव्नाला आईची दया आली. आपण दिवसभर बर्फावर आणि ही एवढी थकलेली, एकटी. आजारी माणसाशी बोलावं तशी ती खाली वाकली, फटीपाशी तोंड नेलं.

"आई, मात्वेय कोण?"

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. डोळे साफ होते, त्यांत म्हातारपणाचा गोंधळ नव्हता. वेढ्यातल्या हिवाळ्यात जिन्यावर अनोळखी पावलं वाजली की माणसं आतून जशी पाहायची तसे ते डोळे होते. तिने एक हात मागे नेऊन पेल्यावरच्या पावावर ठेवला, कुणी उचलून नेऊ नये म्हणून.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू कुणाची गं?"

ताइसिया झाखारोव्नाने सांगितलं. बापाचं नाव घेऊन सांगितलं, सावकाश, म्हातारीला नीट ऐकू जाईल असं.

दार बंद झालं आणि आतून कडी लागली.